पॉवर ऑफ ॲटर्नी वापरली की देणाऱ्याला खबर गेलीच पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात ज्या जाहीर नोटिसा येतात ना, त्या मी नेमाने वाचते. घरचे हसतात, पण नोकरी सगळी बँकेत गेली, काउंटरवर नोटिसा हाताळायची सवय लागली ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. त्यात अधूनमधून एक नोटीस हमखास असते, मजकूर जवळपास तोच, की आमच्या अशिलांनी अमुक यांना दिलेले कुलमुखत्यारपत्र रद्द केले असून यापुढे त्यांच्याशी कोणीही व्यवहार करू नये, केल्यास तो आमच्या अशिलांवर बंधनकारक राहणार नाही. आता जरा दोघांची आडनावं बघा. पुष्कळदा एकच असतं. भाऊ, पुतण्या, जावई, कधी पोटचा मुलगा. चार ओळींच्या त्या नोटिशीमागे काय काय झालं असेल ते ज्याच्या घरात झालंय त्यालाच कळतं, आणि आमच्याकडे झालंय म्हणून हे पत्र.

माझ्या मावशीला मूलबाळ नाही, काका गेले, गुडघे गेलेले, बँकेत सोसायटीत चकरा मारणं जमेना. दिरांचा मुलगा येऊन जाऊन असायचा, त्याने म्हटलं काकू तुम्ही कशाला त्रास घेता, एक पॉवर करून द्या, मी बघतो सगळं. झाली पॉवर, म्हणजे हेच कुलमुखत्यारपत्र, तिच्या वतीने सही-व्यवहार करायचा अधिकार देणारं. रीतसर रजिस्टर केली, फोटो काढले, अंगठे उमटवले, मावशी तर म्हणायची किती गुणाचा पोरगा. पहिले काही महिने खरंच बघत होता. मग भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं भाडं उशिरा यायला लागलं, मग येईनासं झालं, एक एफडी मुदतीआधी मोडली गेली, आणि शेवटी त्या फ्लॅटच्या मेंटेनन्सच्या बिलावर नावच दुसरं आलं. भाडेकरू चांगला माणूस, त्याने फोन करून विचारलं की ताई तुम्ही फ्लॅट विकला का. विकला होता. पुतण्याने, मावशीच्या नावाने सही करून, स्वतःच्या मेव्हण्याला. मावशीला पत्ता नाही.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की हा सगळा प्रकार देणाऱ्याला कळत नाही या एकाच गोष्टीवर चालतो. एटीएममधून किरकोळ रक्कम काढली तरी मोबाईल टुंग करून वाजतो, आणि माझं राहतं घर दुसरा कोणी माझ्या नावाने विकून येतो तेव्हा मला साधी विचारणा होत नाही, हे कसं काय चालतं आपल्याकडे?

सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात काय होतं ते सांगते, कारण मावशीच्या फ्लॅटच्या खरेदीखताची नक्कल आम्ही काढली तेव्हा ते नीट बघायला मिळालं. मुखत्याराने, म्हणजे ज्याला पॉवर दिलीय त्याने, दस्त नोंदवायचा असला की त्याच्याकडून एक घोषणापत्र घेतात. त्यात तो लिहून देतो की मला दिलेलं कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, लिहून देणारी व्यक्ती मयत नाही, आणि हे खोटं निघालं तर नोंदणी कायदा 1908 च्या कलम 82 प्रमाणे मी शिक्षेला पात्र राहीन. झालं. म्हणजे चोर आहेस का असं ज्याच्यावर संशय यायचा त्यालाच विचारायचं आणि तो नाही म्हणाला की शिक्का मारायचा. ऑफिसातल्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांचं काम कागद बघायचं, आणि कागद पूर्ण होता. पण हेच घोषणापत्र पुढे फार कामाला येतं हे लोकांना माहीत नसतं. पॉवर आधीच रद्द केलेली असेल किंवा देणारा आधीच वारलेला असेल आणि तरीही मुखत्याराने हे लिहून दिलं असेल, तर ते खोटं विधान आहे, आणि कलम 82 ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून ज्यांना शंका आहे त्यांनी भांडायच्या आधी दस्ताची पूर्ण नक्कल काढा, नुसती इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा सारांश, नाही, पूर्ण, मागे जोडलेल्या कागदांसकट.

आता कायद्याचं. वकील नाही मी, पण बँकेत पॉवर ऑफ ॲटर्नीचं रजिस्टर सांभाळलंय आणि या प्रकरणात वकिलांकडे बसून बसून बरंच कानावर पडलंय, आणि वाचलंय पण. मुखत्यार म्हणजे कायद्याच्या भाषेत एजंट, आणि पॉवर देणारा त्याचा मालक, त्यामुळे 1882 चा पॉवर्स ऑफ ॲटर्नी ॲक्ट असला तरी खरं मूळ आहे ते 1872 च्या करार कायद्यात. त्यात कलम 213 आहे. एजंटने मालकाने मागितला की हिशोब दिलाच पाहिजे. इतकं सरळ. आणि 218 म्हणतं की मालकाच्या नावाने जे पैसे आले ते त्याला दिले पाहिजेत. नात्यात मात्र हिशोब मागितला की घरात भूकंप. माझ्यावर विश्वास नाही का, इतकं केलं त्याचं हे फळ, मग दुसऱ्या कोणाला सांगा. मावशीने सुरुवातीला दोनदा विचारलं तर त्याची आई आमच्याकडे येऊन रडून गेली. आणि मग विचारणं बंद झालं, आणि विचारणं बंद झाल्यावरच एफडी मोडली हा काही योगायोग नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की पॉवर देतानाच त्यात लिहून घ्या की दर तीन महिन्यांनी लेखी हिशोब द्यायचा, आणि त्याची प्रत तिसऱ्या कोणाला तरी, दुसरी भाची, मैत्रीण, सीए, कोणीही. मग मागावा लागतच नाही, आणि प्रामाणिक माणसालाही ते बरंच पडतं, उद्या त्याच्यावर कोणी बोट दाखवलं तर त्याच्याकडे कागद असतो.

अजून एक कलम जे मला सगळ्यात आवडलं ते 215. एजंटने मालकाला न विचारता स्वतःशीच व्यवहार केला आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा तो व्यवहार मालकाच्या तोट्याचा निघाला तर मालक तो नाकारू शकतो. आपल्याकडे बहिणींच्या बाबतीत हे फार होतं. वडील गेल्यावर भाऊ म्हणतो वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे यावं लागेल, तू लांब राहतेस, कशाला रजा टाकतेस, एक पॉवर दे. बहीण देते. आणि त्याच पॉवरवर भाऊ बहिणीचं हक्कसोडपत्र स्वतःच्याच नावाने करून घेतो. दोन्हीकडून सही एकाच माणसाची, सोडणाराही तोच आणि घेणाराही तोच. मावशीच्या केसमध्ये मेव्हणा मध्ये घातला म्हणून थेट स्वतःशी व्यवहार नाही असं समोरचे म्हणतायत, पण पैसे कुठून आले कुठे गेले ते बँक स्टेटमेंट सांगतंच, ती लढाई चालू आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

कोर्टं पॉवर ऑफ ॲटर्नी फार काटेकोर वाचतात हेही पुष्कळांना माहीत नसतं. मालमत्तेची देखभाल करावी, व्यवस्था पाहावी असं लिहिलं म्हणजे विकायचा अधिकार आला असं होत नाही. केरळमधली एक केस आहे, बहिणीने बहिणीला 1971 मध्ये पॉवर दिली, 1985 मध्ये रद्द केली, तोवर दुसऱ्या बहिणीने जमीन तिसऱ्याच लोकांना देऊन टाकलेली. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2022 मध्ये कोर्टाने सांगितलं की त्या पॉवरमध्ये विक्रीचा अधिकार स्पष्ट दिलेलाच नव्हता, मग ती विक्री मूळ मालकिणीवर बंधनकारक कशी? जिंकली बाई, पण साल बघा. म्हणून जी काही पॉवर दिली असेल ती बाहेर काढून शांतपणे वाचा, कदाचित त्यात विकायचा, गहाण टाकायचा, बक्षीस द्यायचा अधिकार नसेलच आणि तुमचा माणूस नुसत्या रुबाबावर हे करत असेल. मात्र हल्ली जे तयार मसुदे मिळतात त्यात विकणे गहाण टाकणे बक्षीस देणे हे सगळं एका दमात लिहिलेलं असतं, टायपिस्ट विचारत पण नाही काय काय हवंय. मावशीच्या पॉवरमध्ये तेच होतं. तिला हवं होतं कोणीतरी पासबुक भरून आणणारा, आणि कागदावर तिने अख्खं घर दिलं.

यावर पहिला प्रश्न सगळे विचारतात, मग रद्द करा की. करा ना. रद्द करता येते, देणारा जिवंत आणि शुद्धीवर असेपर्यंत कधीही, कारण द्यायची गरज नाही. पॉवरमध्ये इर्रिव्होकेबल असा शब्द घातला असेल तर लोक घाबरतात, पण नुसत्या शब्दाने काही होत नाही. त्याच करार कायद्याच्या कलम 202 प्रमाणे मुखत्याराचा स्वतःचा त्या मालमत्तेत हितसंबंध असेल, समजा त्याने पैसे मोजलेत आणि त्या बदल्यात पॉवर घेतलीय, तरच ती रद्द करायला अडतं. प्रेमाखातर दिलेल्या पॉवरला कितीही वेळा इर्रिव्होकेबल लिहा.

पण खरी मेख पुढे आहे. कलम 208 म्हणतं की रद्द केल्याचं मुखत्याराला कळलं तेव्हापासून ते त्याला लागू, आणि बाहेरच्या लोकांना कळलं तेव्हापासून बाहेरच्यांना लागू. म्हणजे तुम्ही घरी बसून रद्दपत्र केलं, कपाटात ठेवलं, तर ते कपाटापुरतंच रद्द. ज्या बँकेला माहीत नाही ती बँक पैसे देणार, आणि तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. मी स्वतः काउंटरच्या त्या बाजूला होते म्हणून सांगते, आमच्याकडे लोक यायचे आणि म्हणायचे आम्ही तर महिन्यापूर्वीच रद्द केली, आम्ही विचारायचो आम्हाला कळवलंत का, तर गप्प. तेव्हा रद्द करणं हे अर्धं काम, कळवत सुटणं हे उरलेलं अर्धं आणि तेच जास्त किचकट. पॉवर रजिस्टर असेल तर रद्दपत्रही रजिस्टर करा, त्याच ऑफिसात केलं तर बरं. मुखत्याराला पोच मिळेल अशा पोस्टाने नोटीस, आणि व्हॉट्सॲपवर पण पाठवा, निळ्या टिकचा स्क्रीनशॉट ठेवा. मग जिथे जिथे ती पॉवर लागली असेल त्या प्रत्येक बँकेला, हो, एका बँकेला सांगून दुसऱ्या बँकेला कळत नाही, सोसायटीला, भाडेकरूला, तलाठ्याला, सब-रजिस्ट्रारला, शेअर्स असतील तर डीमॅट खातं सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीच्या माणसाला, विमा कंपनीला. प्रत्येकाकडून आवक शिक्का मारलेली प्रत घ्यायची. शिक्का देत नाहीत काही ठिकाणी, साहेब जेवायला गेलेत म्हणतात, तर बसून राहायचं. मूळ कागद परत मागा, तो देणार नाही, हरवला म्हणेल, तेही लेखी घ्या. आणि पेपरात नोटीस, जी मी वाचते आणि माझ्यासारखे आणखी थोडे वाचत असतील.

आणि मोबाईल नंबर! हे मी आधी लिहायला हवं होतं खरं तर. आजकालचा गैरवापर सहीने कमी आणि ओटीपीने जास्त होतो. मावशीच्या खात्याला कधीतरी पुतण्याचा नंबर जोडला गेला होता, ईमेल पण त्याचाच, म्हणजे एफडी मोडल्याचा मेसेज गेला तो मोडणाऱ्यालाच. पॉवर रद्द झाली तरी नंबर तोच राहिला तर नेटबँकिंग चालूच. तेव्हा बँकेत रद्दपत्र देताना त्याच अर्जात नंबर, ईमेल बदलून घ्या, एटीएम कार्ड ब्लॉक, चेकबुक नवीन, पासवर्ड नवीन. नॉमिनी कोण आहे तेही बघून घ्या जाता जाता.

फ्लॅट जमीन असेल तर नजर ठेवायची सोय आहे, वापरत कोणी नाही. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये घरबसल्या बघता येतं की आपल्या मालमत्तेवर कुठला दस्त झालाय का. शेतजमीन असेल तर फेरफाराची नोटीस आपली चावडी नावाच्या सरकारी साइटवर दिसते, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते, त्यात तलाठ्याकडे लेखी हरकत दिली की ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते, आपोआप सातबारावर नाव चढत नाही. पण पंधरा दिवस म्हणजे किती, आजारी माणसाचे पंधरा दिवस कुठे गेले कळत पण नाहीत. घरातल्या तरुण पोरांना हे काम लावून द्या, मोबाईल तर सारखा हातात असतोच.

विक्री झालीच असेल तर दिवाणी कोर्ट. दस्त रद्द करून मागायचा, पुढे विकू नये म्हणून मनाई मागायची, आणि दावा लावल्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायची, लिस पेन्डन्स म्हणतात तिला, आपल्याकडे महाराष्ट्रात ती नोंदवावी लागते नाहीतर मधल्या काळात घेणारा म्हणू शकतो मला काय माहीत. दस्त रद्द करायला कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तीन वर्षं पुष्कळ वाटतात पण नातेवाईकांच्या बैठकीत ती सहज संपतात, दिवाळीनंतर बसू, लग्न उरकू दे मग बोलू, मोठे काका येणार आहेत त्यांच्यासमोर सांगू. बैठका घ्या, जरूर घ्या, पण वकिलाकडे जाऊन तारीख लिहून ठेवा आधी.

पोलिसांकडे गेलात तर पहिलं वाक्य ऐकायला मिळेल, हे सिव्हिल मॅटर आहे. आम्हालाही मिळालं. विश्वासाने सोपवलेली मालमत्ता स्वतःसाठी वापरणं हा गुन्हेगारी विश्वासघात आहे, पूर्वी आयपीसी 406 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 316, आणि फसवणुकीचं 318. दिवाणी दावा चालू असताना फौजदारी तक्रार करता येत नाही असं काही नाही. ठाण्यात घेतलं नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे, हा रस्ता नव्या कायद्यातही ठेवलाय. फक्त जाताना भावना कमी आणि तारखा जास्त घेऊन जा. किती तारखेला पॉवर दिली, किती तारखेला रद्द केली, कळवल्याची पोच, विक्रीची तारीख, पैसे कोणाच्या खात्यात गेले. एका पानावर. आमच्या पहिल्या तक्रारीत त्याच्या लहानपणापासूनचा इतिहास होता, ठाण्यातल्या बाईंनी दुसरं पान उलटलंच नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याचं सगळे सांगतात, प्रांताकडे अर्ज करा म्हणून. निर्वाहासाठी त्याचा उपयोग आहेच, आणि मालमत्ता परत मिळायचं कलम 23 पण आहे, पण ते मुळात सांभाळ करण्याच्या अटीवर स्वतः देऊन टाकलेल्या मालमत्तेसाठी आहे. मुखत्याराने परस्पर विकलेल्या घराला ते चपखल बसतंच असं नाही, म्हणून त्या एकाच अर्जावर विसंबून दिवाणी मुदत घालवू नका. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल अशा वृद्धांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

आता एक गैरसमज, आणि हा चांगल्या चांगल्या शिकलेल्या लोकांत आहे. आईला विसरायला व्हायला लागलंय, डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय, तेव्हा पटकन पॉवर करून ठेवूया, पुढे ती काही सांगू शकली नाही तर उपयोगी पडेल. आपल्या कायद्यात बरोबर उलटं आहे. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे देणारा वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं की पॉवर संपते, कुठलंही रद्दपत्र न करता. म्हणजे जेव्हा खरी गरज असते तेव्हाच ती कायद्याने मेलेली असते, आणि तरीही बँकेत सोसायटीत ती वर्षानुवर्षं चालू राहते कारण बँकेला कोण सांगणार की बाईंना आता काही समजत नाही? मुखत्यार तर नक्कीच नाही. मेल्यावरची पण तीच गत, माणूस गेल्यावर तेराव्याच्या आत एटीएमने खातं रिकामं केलेलं मी पाहिलंय, आणि काढणारा छातीठोकपणे म्हणतो माझ्याकडे पॉवर आहे. अहो पॉवर त्यांच्याबरोबर गेली. इंग्लंडमध्ये 2005 च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टने वेगळी टिकाऊ पॉवर आणली, भान गेल्यावरही चालणारी, पण ती वापरायच्या आधी पब्लिक गार्डियनच्या सरकारी ऑफिसात नोंदवावी लागते आणि कोणी गैरवापराची तक्रार केली तर ते ऑफिस चौकशी करतं. आपल्याकडे ना तशी पॉवर ना तसं ऑफिस. कोमातल्या माणसासाठी घरच्यांना हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावं लागतं. आयुष्य वाढलंय, डिमेन्शियाचे पेशंट घरोघरी आहेत, आणि आपण अजून 1872 च्या आणि 1882 च्या कायद्यावर भागवतोय.

बदल करता येतच नाही असंही नाही. शेअर बाजारात ब्रोकर लोक गिऱ्हाइकाकडून मोघम पॉवर ऑफ ॲटर्नी घ्यायचे, तिचा गैरवापर व्हायला लागला तेव्हा 2022 मध्ये सेबीने तिच्या जागी डीडीपीआय नावाचा कागद आणला, मोजक्या ठरलेल्या कामांपुरता, त्यापलीकडे ब्रोकरला हात लावता येत नाही. आणि 2011 मध्ये सूरज लॅम्पच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोंदवलेल्या खरेदीखताशिवाय नुसत्या पॉवर ऑफ ॲटर्नीवर मालकी बदलत नाही, ती विक्री नव्हे. मग नातेवाइकाच्या हातातल्या पॉवरला लगाम घालायला काय हरकत आहे, ब्रोकरपेक्षा नातेवाइकाच्या हातात जास्त असतं.

माझी मागणी मोठी नाही. मुखत्यार दस्त नोंदवायला आला की देणाऱ्याला आधी खबर गेली पाहिजे, दस्त झाल्यावर नव्हे, आधी. पॉवर नोंदवताना अंगठा आणि फोटो घेताच, तेव्हाच देणाऱ्याचा स्वतःचा नंबर ओटीपी घेऊन नोंदवा आणि तो बदलायचा तर त्यालाच समोर यावं लागेल असं ठेवा, नाहीतर आमच्या मावशीसारखा मेसेज पुन्हा पुतण्यालाच जायचा. सोबत पत्त्यावर एक पोस्टाचं पत्र, कारण सगळ्याच म्हाताऱ्यांकडे मोबाईल नसतो आणि असला तरी त्यातले मेसेज नातू वाचतो. पत्र गेल्यावर काही दिवस थांबा, हरकत आली नाही तर नोंदवा. विक्री करणाऱ्यांना हे जाच वाटेल, परदेशात राहणारे म्हणतील आमचे व्यवहार अडतील. आठवडाभर अडले तर अडू देत, घर गेल्यावर कोर्टात जी वर्षं जातात त्यापुढे आठवडा काय. आणि रद्दपत्रांची एक यादी ऑनलाइन ठेवा, राज्यभराची, म्हणजे कुठल्याही ऑफिसातला क्लार्क दस्त घेण्याआधी नंबर टाकून बघेल, घोषणापत्रावर विसंबणार नाही. खरेदी करणाऱ्यालाही बघता येईल, मग मला माहीत नव्हतं ही सबब उरत नाही. विकत घेणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, पॉवरवर घर घेताय तर मूळ मालकाला एकदा भेटा, निदान व्हिडिओ कॉल करा. जो मुखत्यार त्याला नको म्हणतो त्याच्याकडून घेऊच नका.

नातेवाइकांवर विश्वास ठेवू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. पॉवर घेऊन निमूटपणे आत्याची, काकांची, परदेशातल्या भावाची कामं करणारे लोक मी बँकेत कितीतरी पाहिलेत, स्वतःच्या पेट्रोलचे पैसे पण न घेणारे. त्यांच्यासाठी कुलमुखत्यारपत्र कशाला लागतं, एका कामाची, एका खात्याची, मुदत घातलेली खास पॉवर पुरते, आणि विक्रीचा अधिकार वगळून. त्यांना तीच बरी वाटते असा माझा अनुभव आहे.

आणि एक विनंती तुम्हालाच, संपादक महाशय. रद्द केलेल्या कुलमुखत्यारपत्रांच्या नोटिसा हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या आणि नावबदलाच्या गर्दीत छापू नका, त्यांना वेगळी चौकट द्या, टाइप मोठा करा, आणि मजकुरात मालमत्तेचा गाव, गट नंबर किंवा सोसायटीचं नाव जाडजूड अक्षरात येऊ दे. ते नुसतं चाळणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या, बँकेतल्या ऑफिसरच्या नजरेला पडलं तरी एखादा व्यवहार वेळेत थांबेल. नोटिशीचे पैसे तर तुम्ही घेताच.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
(प्रकरण कोर्टात असल्याने नाव छापू नये)